दोष कुणाच्या रक्ताचा?

आजोळच्या वाड्यात माजघराच्या डाव्या हाताला एक अंधारी खोली होती. तिथे पाऊल टाकले की एक विशिष्ट वास येई. बंद फडताळात उंदरांनी बरेच दिवस मुक्काम केला म्हणजे येतो, तसा. आजी दर चार-सहा दिवसांनी ती खोली रिकामी करायला लावी. गाद्या परसात उन्हात पडत, कोनाडे झाडले जात, कणग्या सरकवल्या जात. उंदीर काही सापडत नसे. वास त्या खोलीचा नव्हताच. तो त्या खोलीत राहणाऱ्या माझ्या मामेभावाच्या अंगाचा होता. हे मला फार उशिरा, १९६६ साली कळले. त्या वेळी मी पुण्यात रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी. करीत होतो. तोवर भावाला जाऊन पाच वर्षे झाली होती. कळले असे म्हणतो खरा, पण खात्री करून घ्यायला माझ्यापाशी काहीच उरले नव्हते आणि आजही नाही.

तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. जन्मला तेव्हा गुटगुटीत होता म्हणतात. सहाव्या-सातव्या महिन्यापासून हसू कमी झाले. वर्षाचा होऊनही बसेना. मी त्याला पाहिले ते कोपऱ्यात बसून मागेपुढे झुलताना आणि भिंतीवर डोके आपटताना. बोलणे नाही, अंगावर खरूज उठलेली. शिवाय आणखी एक गोष्ट. मामांची इतर तीनही मुले आमच्या घराण्याच्या वळणावर, काळ्याभोर केसांची. याचे केस मात्र पिंगट, कातडी गोरीपान. गावातल्या काही जिभांनी त्यावरूनही मामीला सोडले नाही.

आजीचा निष्कर्ष ठरलेला होता. "आमच्या घराण्यात हे नव्हतं. तुझ्या आईकडून आलंय हे." मामी ऐकून घेई. ती ऐकून घेई याचे मला तेव्हाही नवल वाटे, कारण मामी ही आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. आजीनेच ती भाची हट्टाने सून करून आणलेली. आमच्याकडे मामेबहीण करण्याची चाल जुनी. इरावतीबाई कर्वे यांनी भारतीय नातेव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातल्या या चालीची चांगली चिकित्सा केली आहे. म्हणजे मामांचे आणि मामीचे रक्त दोन वाटांनी एकाच आडाकडे जात होते, आणि तो आड आजीच्या माहेरचा होता! पण दोष द्यायचा म्हटला की माणूस नेमका आपल्या दाराशी येऊन थांबतो आणि पुढचे दार ठोठावतो.

असो. हे सारे सांगण्याचे कारण म्हणजे नॉर्वेतली एक हकीगत.

ऑस्लोत एक दंतवैद्य होता. त्याला दोन मुले, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. दोन्ही जन्मतः ठीक, आणि दोन्ही पाहता पाहता मागे पडली. मुलांच्या अंगाला, विशेषतः लघवीला, एक विचित्र कोंदट वास येतो हे त्यांच्या आईच्या ध्यानात आले. तिने डॉक्टर केले, जाणते केले. वासाबद्दल ती सर्वांना विचारी आणि सगळे तिला गप्प बसवीत. अखेर १९३४ साली ती आस्ब्यर्न फोलिंग यांच्याकडे येऊन पोचली. हे गृहस्थ वैद्यही होते आणि रसायनशास्त्राची पदवी घेतलेलेही होते. मला वाटते, या दुहेरी शिक्षणानेच पुढचा इतिहास घडवला. निव्वळ वैद्याने आईची समजूत घातली असती. निव्वळ रसायनतज्ज्ञाकडे ती गेलीच नसती.

फोलिंग यांनी मुलांची लघवी तपासली. मधुमेही रोग्याच्या लघवीत कीटोन आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्या काळी तीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकीत. असले तर तांबूस-जांभळा रंग येई, नसले तर फेरिक क्लोराइडचा पिवळट तपकिरी रंग तसाच राही. इथे रंग आला गर्द हिरवा, आणि काही मिनिटांत विरूनही गेला. असा रंग कोणत्याही पुस्तकात नव्हता. त्यांनी मुलांची औषधे बंद करून पुन्हा पाहिले, पुन्हा हिरवा. मग त्या आईने पुढचे अनेक आठवडे लघवीच्या बाटल्या प्रयोगशाळेत आणून दिल्या. एकूण सुमारे वीस लिटर! तेवढ्यातून चिमूटभर शुद्ध पदार्थ निघाला. तो फेनिलपायरुव्हिक आम्ल असावा अशी शंका येताच फोलिंग यांनी त्यात बाजारातले नव्हे तर खात्रीचे तेच आम्ल मिसळले आणि मिश्रणाचा वितळणबिंदू पाहिला. तो खाली उतरला नाही. ज्याने प्रयोगशाळेत दिवस काढले आहेत त्याला या साध्या कसोटीतला आनंद सांगायला नको. दोन वेगळे पदार्थ मिसळले तर वितळणबिंदू उतरतोच. न उतरणे म्हणजे पदार्थाने आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगणे.

त्यानंतर फोलिंग यांनी मंदबुद्धी म्हणून निरनिराळ्या संस्थांत ठेवलेल्या ४३० जणांची लघवी तपासली. आठ जणांची हिरवी झाली. ही दोन मुले धरून दहा. त्यांत भावंडांच्या जोड्या होत्या, आणि अनेकांचे केस पिंगट, कातडी नाजूक, अंगावर खरूज. १९६६ साली पाठ्यपुस्तकात हे वाचताना माझे बोट त्या ओळीवर थबकले ते बराच वेळ तिथेच राहिले.

आता हे साल पाहा. १९३४. त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेपासून जर्मनीत एक कायदा अमलात आला होता. १४ जुलै १९३३ रोजी संमत झालेल्या या कायद्याने आनुवंशिक रोग्यांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याची मुभा दिली. त्यात नमूद केलेल्या रोगांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती 'जन्मजात मंदबुद्धी'. हिटलरची राजवट संपेपर्यंत सुमारे चार लाख माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. आणि १९३९ नंतर पाळी आली ती ठार मारण्याची. हे केवळ जर्मनांचे पाप म्हणून आपण सुटू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातील कॅरी बक नावाच्या एका गरीब तरुणीच्या निर्बीजीकरणाला १९२७ सालीच आठ विरुद्ध एक मताने मान्यता दिली होती. खुद्द नॉर्वेने निर्बीजीकरणाचा कायदा केला तो १९३४ सालीच. एकीकडे ऑस्लोच्या प्रयोगशाळेत एक आई बाटल्या पोचवीत होती आणि त्याच देशाची विधिसभा अशा मुलांच्या प्रश्नाचा भलताच निकाल लावीत होती.

आपल्याकडेही हे वारे आले होते. ना. सी. फडके यांचे लैंगिक प्रश्नावरील इंग्रजी पुस्तक १९२७ सालचे, मार्गारेट सँगरबाईंच्या प्रस्तावनेसह निघालेले. भारतात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी हा त्याचा उघड पुरस्कार. कादंबरीकार फडके ज्यांना आठवतात त्यांनाही हे पुस्तक सहसा आठवत नाही. त्याच १९२७ साली बर्लिनमध्ये मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाजनन यांची संस्था उघडली, आणि तिचे प्रमुख ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली लौकरच आपल्या इरावतीबाई संशोधनाला बसल्या. विषय होता माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी असते की नसते. गोऱ्यांच्या कवटीत वंशश्रेष्ठत्वाची खूण सापडावी अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनी मोजमापे घेतली आणि तसे काही आढळत नाही असे लिहून दिले. परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्याच्यासमोर, एका विशी ओलांडलेल्या मराठी मुलीने हे केले. 'युगान्त'इतकेच या गोष्टीचेही मला मोल वाटते.

सुप्रजाजननवाद्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. खाण तशी माती. मंदबुद्धी रक्तातून येते. रक्त बदलता येत नाही. तेव्हा ते रक्त पुढे जाऊ देऊ नये. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड गावी अशा मुलांची एक मोठी शाळा होती. तिथले संशोधनप्रमुख हेन्री गॉडार्ड यांनी १९१२ साली 'कॅलिकॅक' या बनावट नावाखाली एका कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची कुळकथा प्रसिद्ध केली आणि ती सर्वत्र पुरावा म्हणून नाचवली गेली. पुढे गॉडार्ड यांनाच आपल्या मतांचा पुष्कळसा त्याग करावा लागला, पण पुस्तकाने व्हायचे ते नुकसान करून झाले होते.

याच व्हाइनलँडमध्ये १९२९ साली एक अमेरिकन बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला ठेवून गेली. मुलगी चीनमध्ये जन्मलेली, बाळपणी देखणी, निळ्या डोळ्यांची. पण तिची बुद्धी वाढली नाही. मुलीच्या जन्मभराच्या खर्चाची तजवीज करायची म्हणून आईने लेखणी अधिक जोराने चालवली. तिची 'द गुड अर्थ' ही कादंबरी १९३१ साली आली आणि १९३८ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. पर्ल बक हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. कॅरी बकशी तिचा काही संबंध नाही. आडनाव तेवढे एक. मुलीविषयी ती वर्षानुवर्षे बोलली नाही. १९५० साली 'द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू' या छोट्या पुस्तकात बोलली. मुलीला नेमके झाले काय, हे मात्र ते पुस्तक लिहितानाही तिला ठाऊक नव्हते. ते कळले १९६० नंतरच्या दशकात: फोलिंग यांचा रोग. तोवर मुलगी चाळिशीत होती. ती १९९२ पर्यंत जगली, आईच्या मागे एकोणीस वर्षे.

फोलिंग यांच्या रोगाला आज आपण फेनिलकीटोन्यूरिया म्हणतो. हे नाव इंग्लंडमधील लायोनेल पेनरोज यांच्याकडून आले. या रोगात होते काय, ते थोडक्यात सांगतो. दूध, डाळ, मांस, अंडी यांतल्या प्रथिनांत फेनिलअलनिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. ते शरीराला हवेच असते. मात्र गरजेहून जास्त झालेले यकृतातले एक विकर टायरोसिन या दुसऱ्या आम्लात बदलते. केसांचा आणि कातडीचा काळा रंग त्या टायरोसिनापासून बनतो. विकर घडवणारे जनुक बिघडलेले असेल तर फेनिलअलनिन रक्तात साठत जाते, मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर इतर आम्लांना रेटून स्वतः आत शिरते, आणि वाढत्या मेंदूची घडण बिघडवते. केस पिंगट राहतात ते यामुळेच. साठलेले जे फेनिलपायरुव्हिक आम्ल होऊन लघवीत उतरते, तेच फोलिंग यांच्या नळीत हिरवे झाले. वास येतो तो त्याच कुळातल्या फेनिलअॅसेटिक आम्लाचा.

जनुके जोडीने येतात, एक आईचे आणि एक बापाचे. दोन्ही बिघडलेली असतील तरच रोग होतो. एकच बिघडले तर दुसरे काम भागवते आणि माणसाला जन्मभर पत्ताही लागत नाही. पेनरोज यांनी इथेच सुप्रजाजननवाद्यांना पकडले. दैवाची गंमत अशी की १९४५ साली त्यांची नेमणूक झाली ती लंडनमधल्या सुप्रजाजननशास्त्राच्याच गाल्टन अध्यासनावर, आणि प्रास्ताविक व्याख्यानाला त्यांनी विषय घेतला हाच रोग. हिशेब साधा आहे. युरोपात दर दहा हजार जन्मांमागे एक मूल या रोगाचे धरले तर बिघडलेल्या जनुकाचे प्रमाण शंभरात एक निघते. म्हणजे दहा हजार माणसांत ते एकेरी बाळगणारी, पूर्ण शहाणीसुरती माणसे निघतात सुमारे दोनशे! रोगी एक. त्या एकाला निर्बीज केले, आणि तशी तर त्याला मुले होतच नव्हती, तरी दोनशे मागे उरतातच. जनुक नाहीसे करायचे तर त्या दोनशेंना निर्बीज करावे लागेल, आणि त्यांत प्राध्यापक, न्यायाधीश, कदाचित कायदा करणारेही निघतील. हे म्हणणे पेनरोज यांनी शांतपणे मांडले आणि पुढे त्या अध्यासनाच्या नावातून 'सुप्रजाजनन' हा शब्दच काढून टाकला.

परंतु रक्त बदलता येत नाही, हे मूळ प्रमेय अजून उभेच होते. ते पाडले बर्मिंगहॅमच्या एका आईने.

१९५१ च्या सुमाराची गोष्ट. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात हॉर्स्ट बिकेल हे तरुण जर्मन डॉक्टर काम करीत होते. एका मुलीच्या लघवीत त्यांना हा रोग सापडला. निदान अचूक केल्याचा त्यांना अभिमान वाटला. मुलीच्या आईला त्याचे काही कौतुक नव्हते. नाव कळले, मग आता उपाय सांगा! उपाय नाही म्हटल्यावर ती गप्प बसली नाही. रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राही. अखेर बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स या तिघांनी लंडनच्या लुई वुल्फ यांच्या सूचनेवरून एक अन्न तयार केले. दुधातले केसीन आम्लाने फोडायचे, ते द्रावण कोळशातून गाळायचे. कोळसा फेनिलअलनिन धरून ठेवतो. बाकीचे आम्ल, त्यात थोडी भर घालून, मुलीच्या पोटात.

दोन वर्षांची ती मुलगी तोवर उभी राहत नव्हती, कण्हत असे, डोके आपटीत असे. काही महिन्यांत ती रांगू लागली, खुर्चीवर चढू लागली, नजर उजळली, डोके आपटणे थांबले. आणि केस काळवंडू लागले! तरीही हा परिणाम अन्नाचाच की केवळ जास्त लक्ष पुरवल्याचा, ही शंका उरली. तेव्हा डॉक्टरांनी आईला न सांगता त्या अन्नात फेनिलअलनिन पुन्हा मिसळले. काही दिवसांतच मुलगी पूर्ववत झाली; कमावलेले सारे गेले. पुढे आईच्या संमतीने तोच प्रयोग रुग्णालयात पुन्हा केला. शास्त्राच्या दृष्टीने पुरावा निर्विवाद होता, आणि १९५३ साली तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्या पहिल्या, चोरून केलेल्या वेळी घरी त्या आईवर काय गुदरले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आज कोणतीही नीतिसमिती अशी परवानगी देणार नाही, आणि न द्यावी हेच योग्य.

जनुक जिथल्या तिथे होते. ताटातला पदार्थ बदलला आणि मूल बदलले. आता या मुलीची मंदबुद्धी रक्तातली म्हणायची की अन्नातली? आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी बीज आणि क्षेत्र यांच्या श्रेष्ठत्वाचा वाद घातला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीजाच्या बाजूने कौल दिला आहे. हा वादच या ठिकाणी निरर्थक ठरतो. जनुक बिघडले नसते तर दूध अमृतच होते. दूध, डाळ, मांस यांतले काही पोटात गेले नसते तर जनुकाचा बिघाड कुणाला कळलाही नसता. निम्मा वाटा याचा आणि निम्मा त्याचा, अशीही वाटणी इथे करता येत नाही.

मात्र उपाय लौकर व्हावा लागतो. दोन वर्षांचा मेंदू पूर्ण परतत नाही. गर्भात असताना आईचे यकृत बाळाचे काम करते, म्हणून बाळ जन्मते ते निरोगी, आणि पहिल्या दुधापासून नुकसान सुरू होते. तेव्हा पहिल्या काही दिवसांतच निदान हवे. अमेरिकेत बफेलो येथील रॉबर्ट गथ्री यांनी ते साधले. त्यांचा स्वतःचा एक मुलगा बुद्धीने मागे होता, आणि त्यांच्या मेव्हणीच्या मुलीला हाच रोग वर्ष उलटून गेल्यावर कळला होता. बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब टीपकागदावर वाळवायचे, त्याची टिकली एका जिवाणूच्या थरावर ठेवायची. रक्तात फेनिलअलनिन जास्त असेल तर टिकलीभोवती जिवाणू वाढतात. खर्च काही पैशांचा. १९६३ पर्यंत अमेरिकेच्या २९ राज्यांतील चार लाख बालकांची तपासणी झाली आणि ३९ मुले वेळेवर सापडली. नुसती संख्या लहान वाटते. पण संस्थांच्या खोल्यांतून ती एकोणचाळीस मुले झुलत बसली असती.

पुढचा अध्याय कमी सांगितला जातो. वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या. मेंदू घडून झाला म्हणून सहा-आठ वर्षांच्या वयात त्यांचे पथ्य सोडले होते. त्या शिकल्या, त्यांची लग्ने झाली, आणि त्यांना मुले झाली ती लहान डोक्याची, काही हृदयदोष असलेली, मंद. त्या मुलांची स्वतःची जनुके बहुधा ठीक होती. रोग त्यांना नव्हताच. आईच्या रक्तातले फेनिलअलनिन नाळेतून त्यांच्या मेंदूत गेले होते. १९८० साली या प्रकरणांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हा पथ्य न पाळणाऱ्या, रक्तात हे आम्ल फार असलेल्या दहांतल्या नऊहून अधिक मातांची मुले मंद असल्याचे दिसले. म्हणजे आईचे जनुक हेच बाळाचे क्षेत्र! आता अशा स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून पथ्यावर ठेवतात आणि बाळे चांगली जन्मतात.

आपल्या देशात हा रोग विरळा. आपल्याकडे मातीचा दोष मोठा होता. हिमालयाच्या पायथ्याच्या खोऱ्यांत पावसाने आणि हिमनद्यांनी जमिनीतले आयोडीन केव्हाच धुऊन नेले. तिथे गलगंड घरोघर, आणि काही मुले बहिरी, मुकी, मंद जन्मत. आल्प्सच्या खोऱ्यांतही हेच होते, आणि तिथेही लोक शतकभर आपसांतल्या सोयरिकींना दोष देत बसले होते. कांग्रा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रदेशाचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, मधल्याला साधे. पाच-सहा वर्षांत दोन भागांत गलगंड निम्म्याहून खाली आला, मधल्यात नाही. मग त्यालाही तेच मीठ दिले. १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम याच कामाच्या बळावर उभा राहिला. मिठाच्या पुडीवर आयोडीनचा शब्द वाचताना कांग्र्याची आठवण कुणी काढीत नाही.

इतक्या स्वच्छ गोष्टी नेहमी मिळत नाहीत. आत्ममग्न मुलांचेच पाहा. १९६० नंतरच्या दशकात ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारखी मंडळी आईच्या थंड वागण्याने मूल असे होते म्हणून सांगत होती. १९७७ साली जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचे वजन दाखवले. आणि आज शेकडो जनुके, गर्भकाळ, अकाली जन्म, असे अनेक धागे पुढे आहेत. त्यांतल्या कुठल्याही धाग्याला एक पथ्य जोडता आलेले नाही. रक्त म्हणा की वागणूक, बोट मात्र आईकडेच.

१९८७ साली दिवाळीला मी आजोळी गेलो होतो. आजी, मामा जाऊन बरीच वर्षे झाली होती. मामी सत्तरीच्या घरात, पण ताठ. संध्याकाळी सोप्यावर बसलो असता मी विषय काढला. एकवीस वर्षे मनात होते. म्हटले, हिच्या उरावरचे ओझे उतरवावे. जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितले. असा एक रोग असतो. त्याला तोच झाला असेल असे ठामपणे नाही सांगता येत, पण खुणा त्याच. असलाच तर तो एकट्या तुझ्याकडून आलेला नव्हे, मामांकडूनही तितकाच, आणि दोघांकडे तो बहुधा आजीच्याच माहेरून आलेला. मामी किंचित हसली. "आत्याबाईंना हे सांगायला हवं होतंस," म्हणाली. लग्नाला पन्नास वर्षे होऊनही तिने आजीला सासूबाई कधी म्हटले नाही.

मग तिने विचारले, "पण जन्मला तेव्हा तर चांगला होता. बिघडला कशानं?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. दूध, असे मी म्हणालो. आणि म्हणताक्षणी आठवले. मामीने त्याच्यासाठी माहेराहून एक गाय आणवली होती. बुद्धी वाढते म्हणून वैद्याने दूध, तूप, बदाम सांगितले होते, आणि ती स्वतः न घेता त्याला पेल्यांनी पाजीत असे. तुपाचे काही नाही, त्यात प्रथिन जवळजवळ नसतेच. पण दूध आणि बदाम!

"मग काय द्यायला हवं होतं?"

मी सांगितले: फळे, साखर, तूप, साबुदाणा, थोडा भात, बेताचे दूध, आणि बाकी पोषणाला परदेशात बनणारी एक पूड. त्या पुडीवाचून तो जगलाही नसता, आणि तो अकरा वर्षांचा होईपर्यंत त्या पुडीची माहिती जगात दोन-चार डॉक्टरांपलीकडे कुणाला नव्हती, हे मी दोनदा सांगितले. मामी साबुदाण्यापाशीच थांबली होती. आठवड्यातून दोन उपास करणारी बाई ती.

"साबुदाणा तर घरातच होता," ती म्हणाली.

पणत्या लावायची वेळ झाली होती. ती उठली आणि तेलाची बुधली आणायला आत गेली. माजघराच्या डाव्या हाताच्या त्या खोलीत आता वास येत नव्हता.